डब्यावर ९५ टक्के लिहिले आहे, पण ते कशाचे?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी तुम्ही एका पुरवठादाराकडून ‘शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक’ असे लेबल असलेल्या २५ ग्रॅम मल्टीवॉल कार्बन नॅनोट्यूब (एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या, काही नॅनोमीटर व्यासाच्या कार्बनच्या नळ्या) मागवल्या. त्या ॲसिटोनमध्ये प्रोब सोनिकेटरखाली (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्राखाली) तासभर ठेवून इपॉक्सी रेझिनमध्ये अर्धा, एक आणि दोन टक्के अशा मिसळल्या, आणि ताणबल, म्हणजे पट्टी तुटेपर्यंत पेलते तो ताण, वाढायचे सोडून ६२ मेगापास्कलवरून ४८ वर आले. विद्युतवाहकतेची गत अशी की एकाच साच्यातून काढलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक वीज वाहून नेते आणि दुसरी नेत नाही. आता तुम्ही विचारता की पुरवठादाराने फसवले का, आणि उरलेल्या पैशांत कार्बोक्सिल गट लावलेल्या (आम्लाने पृष्ठभागावर रासायनिक गट बसवलेल्या) नळ्या घ्याव्यात की थेट सिंगलवॉल, म्हणजे एकाच भिंतीच्या, घ्याव्यात.

पुरवठादार धुतल्या तांदळासारखा असेल याची हमी मी देणार नाही, पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून त्याच्यावर आरोप करता येत नाही. अगदी उत्तम नळ्या घेऊनही तुमच्या कृतीने बहुधा हेच आकडे आले असते. खरी अडचण अशी आहे की डब्यातल्या काळ्या भुकटीला तुम्ही रसायन समजून वागवले. मिठाची बाटली उघडली की आत सोडियम क्लोराइड असते आणि दुसऱ्या कंपनीच्या बाटलीतही तेच असते. कारखान्यात बनलेल्या नॅनोट्यूब मात्र ‘माल’ असतात. एकाच नावाच्या दोन पोत्यांतला तांदूळ जसा व्यापारी हातात घेऊन, दाताखाली फोडून पाहतो, तसा हा मालही दर वेळी पाहूनच घ्यावा लागतो. आणि पाहून घेतल्यावर त्याला कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवावे लागते. तुम्ही त्याला ताणबलाचा प्रश्न विचारला आहे, आणि माझ्या अनुभवात या मालाला विचारण्याजोग्या प्रश्नांत तो सर्वांत नावडता आहे.

आधी लेबलाबद्दल. ‘९५ टक्के’ हा आकडा बहुतेक वेळा कार्बनचा असतो, नळ्यांचा नसतो. नमुना हवेत जाळला, ५ टक्के राख उरली, म्हणून ९५ टक्के कार्बन, एवढाच त्याचा अर्थ. त्या ९५ मध्ये अस्फटिकी कार्बन, ग्राफाइटचे कण आणि धातूच्या कणांभोवतीची कार्बनची टरफले हे सगळे येते. काही पुरवठादार मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘नळ्यांची शुद्धता’ लिहितात, आणि तिथे अडचण अशी की नमुना ठेवायच्या जाळीवर काही पिकोग्रॅम पदार्थ असतो आणि छायाचित्र काढणारा माणूस साहजिकच जिथे नळ्या छान दिसतात तिथे थांबतो. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न विचारायचा तो हा की शुद्धता कशी मोजली, आणि या लॉटची मोजली की कधीतरी एकदा मोजलेली दर डब्यावर छापली.

हा माल बनतो कसा, हे लक्षात घेतले तर राखेचे महत्त्व कळते. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक मल्टीवॉल नळ्या रासायनिक बाष्प निक्षेपणाने, म्हणजे आपण प्रयोगशाळेत ज्याला सीव्हीडी म्हणतो त्या पद्धतीने तयार होतात. ॲल्युमिना किंवा मॅग्नेशियासारख्या आधारावर लोह, कोबाल्ट वगैरेंचे सूक्ष्म कण बसवतात, त्यावरून शेकडो अंश तापमानाला हायड्रोकार्बन वायू सोडतात, आणि दर कणातून लोकरीसारखी नळी उगवते. त्यामुळे आधार आणि उत्प्रेरक दोन्ही मालातच राहतात. सुमियो इजिमा यांचा १९९१चा प्रसिद्ध शोधनिबंध विद्युत चापातून मिळालेल्या नळ्यांवरचा होता. त्या सरळ आणि बऱ्याच निर्दोष होत्या. सीव्हीडीच्या नळ्या वाकड्यातिकड्या, दोषांनी भरलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. व्यापारी परंपरा ही खरे तर त्या शोधनिबंधापेक्षा जुनी आहे, कारण अमेरिकेतील हायपेरियन कंपनीला अशा तंतूंचे पेटंट १९८७मध्येच मिळाले होते.

हा फरक केवळ इतिहासापुरता नाही. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या संशोधकांच्या गटाने १९९९मध्ये दोन्ही प्रकारच्या एकेका नळीचे वाकणे मोजले, तेव्हा चापातून आलेल्या नळ्यांचा यंगचा गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, ८०० गिगापास्कलच्या आसपास निघाला आणि उत्प्रेरकावर वाढवलेल्यांचा जेमतेम १० ते ५०. तुमच्या प्रस्तावनेत बहुधा ‘नॅनोट्यूबचा गुणांक १००० गिगापास्कल’ असे वाक्य असेल. ते खोटे नाही, पण ते तुमच्या डब्याबद्दल नाही. एक ढोबळ हिशेब करून पाहा. नळ्या सर्व दिशांना विखुरलेल्या असतील तर त्यांच्या ताठपणाचा सुमारे पाचवा भाग उपयोगी येतो. घनफळाने १ टक्का नळ्या आणि ५० गिगापास्कल गुणांक धरला, तर भर पडते ०.१ गिगापास्कलची. इपॉक्सीचा स्वतःचा गुणांक ३ च्या आसपास आहे. म्हणजे वाढ झाली ती तीन टक्के, आणि तुमच्या पाच पट्ट्यांच्या मोजमापातला विखुरच बहुधा तेवढा असेल. ८०० धरले असते तर हीच भर १.६ झाली असती. बक्षीस आणि निराशा यांच्यातले अंतर त्या एका आकड्यात आहे.

ताणबलाचेही तसेच. इपॉक्सीकडून नळीकडे ताण जातो तो तिच्या पृष्ठभागावरून, आणि नळी तुटण्याइतका ताण तिच्यात भरायचा तर ती एका किमान लांबीची हवी. व्यास १० नॅनोमीटर, नळीचे बल २० गिगापास्कल आणि नळी-इपॉक्सी जोडावरचा कर्तन (सरकवणारा) ताण ५० मेगापास्कल धरला तर ही लांबी येते २ मायक्रोमीटर. बाजारातल्या एका सर्वपरिचित मल्टीवॉल ग्रेडची, बेल्जियमच्या नॅनोसिलच्या एनसी ७०००ची, माहितीपत्रकातली सरासरी लांबी १.५ मायक्रोमीटर आहे, आणि तीही सोनिकेटरखाली जाण्यापूर्वीची. तासाभरानंतर ती कितीतरी कमी झालेली असणार. अशा नळ्या तुटत नाहीत, सुटून येतात. म्हणूनच जर्मनीतील हॅम्बुर्ग-हारबुर्ग येथील कार्ल शुल्टे यांच्या गटाने इपॉक्सीवर जे काम केले, त्यात ताणबलापेक्षा भंगचिवटपणातली, म्हणजे तडा पसरू न देण्याच्या क्षमतेतली, वाढ ठळक दिसली, कारण सुटून येताना नळी ऊर्जा खाते. तुम्हाला यांत्रिक गुणधर्मावरच काम करायचे असेल तर खाच पाडलेल्या नमुन्यावर भंगचिवटपणा मोजा, ताणाची पट्टी बाजूला ठेवा.

आता ६२चे ४८ कसे झाले ते. इथे मला तुमच्या पट्टीचा तुटलेला पृष्ठभाग दिसत नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही, पण तीन संशयित आहेत आणि बहुधा तिघेही दोषी आहेत.

पहिला संशयित म्हणजे गुठळी. पिठले करताना बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकले तर काय होते ते आठवा. गुठळीची बाहेरची साल शिजते आणि आत पाणी शिरायचा रस्ता बंद होतो. ताटात घेऊन ती फोडली तर आत कोरडे पीठ निघते. तुमची तुटलेली पट्टी एसईएमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) पाहा. मी पैज लावायला तयार आहे की तुम्हाला २० ते १०० मायक्रोमीटरचे काळे गोळे दिसतील, ज्यांच्या कडेला इपॉक्सी आहे आणि मधोमध कोरडी लोकर. तो गोळा बळकटी देत नाही. पट्टीच्या दृष्टीने ते एक भोक आहे, आणि तडा तिथूनच सुरू होतो. असे होते याचे कारण पृष्ठभाग आहे. वर सांगितलेल्या ग्रेडच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग २५० ते ३०० चौरस मीटर, म्हणजे साधारण टेनिसच्या मैदानाएवढा असतो. त्याच मापांवरून हिशेब केला तर एका ग्रॅममध्ये सुमारे पाच हजार लाख कोटी नळ्या येतात. त्यातली प्रत्येक नळी इपॉक्सीने ओली व्हायला हवी, आणि तुम्ही चमचाभर भुकटी टाकून तासाभरात ते होईल अशी अपेक्षा केली.

दुसरा संशयित हवा. दोन टक्क्यांना मिश्रण श्रीखंडाइतके दाट होते, आणि त्यात अडकलेले बुडबुडे साध्या निर्वातात निघत नाहीत. पट्ट्यांची घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने मोजा आणि हिशेबाने यायला हव्या त्या घनतेशी ताडून पाहा, फरकावरून किती टक्के पोकळ्या आहेत ते अर्ध्या तासात कळेल.

तिसरा संशयित सर्वांत दुर्लक्षित, तो म्हणजे ॲसिटोन. तो पूर्ण उडाला नसेल तर इपॉक्सी मऊ राहते, आणि अमाइन हार्डनरशी (इपॉक्सी घट्ट करणाऱ्या द्रव्याशी) त्याची प्रक्रियाही होऊ शकते. तुमचा ६२चा नमुना ॲसिटोनशिवाय, सोनिकेटरशिवाय बनवला होता का? तसे असेल तर तुमची तुलनाच चुकली आहे. तुलनेचा नमुना तोच, ज्यात नळ्या सोडून बाकी सगळे तसेच घडले आहे: तेवढाच ॲसिटोन, तेवढाच वेळ सोनिकेटर, तेवढेच तापवणे, तेवढाच निर्वात. माझ्या पाहण्यात असे किमान तीन प्रबंध आले की ज्यांत ‘नॅनोट्यूबचा परिणाम’ म्हणून लिहिलेली गोष्ट या एका नमुन्याने नाहीशी झाली असती. डीएससीवर (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) काचसंक्रमण तापमान, म्हणजे घट्ट इपॉक्सी ज्याला मऊ होऊ लागते ते तापमान, मोजा. तुलनेच्या नमुन्यातही ते १० अंशांनी खाली आलेले दिसले तर चोर सापडला.

विद्युतवाहकतेकडे मी मुद्दाम उशिरा येतो आहे, कारण या मालाची खरी ताकद तिथे आहे आणि तुमचा प्रकल्प वाचवायचा तर तिथूनच वाचेल. इपॉक्सी विद्युतरोधक आहे. नळ्यांचे प्रमाण वाढवत नेले तर एका उंबरठ्यावर त्या एकमेकींना हात लावतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट तयार होते आणि वाहकता काही दशांश टक्क्यांच्या अंतरात लक्षावधी पटींनी वाढते. यालाच परकोलेशन म्हणतात. इथे नळी बळकट असण्याची गरज नाही, तिच्यातले दोषही बऱ्यापैकी चालतात, आणि तिचे लांब-बारीक असणे सगळे काम करते. लांबी भागिले व्यास हे गुणोत्तर १५० असेल तर विखुरलेल्या सरळ कांड्यांच्या सिद्धान्ताप्रमाणे उंबरठा घनफळाने अर्ध्या टक्क्याच्या जवळ येतो. नळ्या तुटून निम्म्या झाल्या तर तो दुप्पट होतो. प्रत्यक्षात इपॉक्सी घट्ट होताना नळ्या पुन्हा जाळ्यासारख्या जवळ येतात, त्यामुळे उंबरठा हिशेबापेक्षा खूप खालीही जाऊ शकतो. २००३मध्ये जान झांडलर आणि सहकाऱ्यांनी वजनाने ०.००२५ टक्के इतक्या कमी प्रमाणाला वाहकता मिळाल्याचे दाखवले होते. तो माल एकमेकींना समांतर उगवलेल्या, न गुंतलेल्या नळ्यांचा होता. गुंतलेल्या व्यापारी मालाकडून ती अपेक्षा ठेवू नका.

तुमच्या दोन पट्ट्यांचे कोडे इथे सुटते. तुम्ही उंबरठ्याच्या अगदी काठावर आहात. तिथे साच्याच्या तळाची पट्टी आणि वरची पट्टी यांत एवढासा फरक पडला तरी एक या बाजूला आणि दुसरी त्या बाजूला पडते. शिवाय साच्याला चिकटून नुसत्या इपॉक्सीचा पातळ थर तयार होतो. तुम्ही मल्टिमीटरची टोके त्या थरावर टेकवली असतील तर आतली वाट त्याला दिसणारच नाही. पट्टीची टोके बारीक पॉलिशपेपरने घासा, चांदीचा लेप लावा, आणि वाहक पट्ट्यांवर चार टोकांची पद्धत (दोन टोकांनी वीज सोडायची, दुसऱ्या दोनांनी व्होल्टेज मोजायचे) वापरा. प्रमाणेही बदला. अर्धा, एक, दोन या तीन बिंदूंवरून काहीच कळत नाही. ०.०५, ०.१, ०.२, ०.३, ०.५ आणि १ घ्या, दर प्रमाणाच्या निदान पाच पट्ट्या करा, आणि सरासरीबरोबर विखुरही छापा. उंबरठ्याजवळ विखुर वाढतो हीच मुळात नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. एक नमुना वाहक कार्बन ब्लॅकचाही (काजळीसारख्या कार्बन भुकटीचाही) ठेवा. कार्बन ब्लॅक कितीतरी स्वस्त असतो, आणि त्याच्यापेक्षा नळ्यांनी नेमके काय जास्त दिले हे दाखवता आले नाही तर परीक्षक तेच विचारणार.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: लेबलावरचा आकडा बहुधा कार्बनचा आहे, सीव्हीडीच्या नळ्यांकडून ताणबल मागू नका, तुलनेचा नमुना त्याच वाटेने आणा, आणि वाहकता उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंनी मोजा. आता डब्याकडे परत येतो, कारण तेच काम तुम्ही पहिल्यांदा करायला हवे होते.

सर्वांत आधी टीजीए, म्हणजे नमुना तापवत नेऊन त्याचे वजन कसे घटते ते मोजणे. डब्याच्या वरून, मधून आणि तळातून असे तीन नमुने घ्या. भुकटी फार हलकी असते, ती भांड्यात भरली तर हवेच्या झोताने उडून जाते, म्हणून हलक्या दाबाने तिची गोळी करा. आठ-दहा मिलिग्रॅम पुरेत. हवेत मिनिटाला १० अंश या गतीने ९०० अंशांपर्यंत न्या. अस्फटिकी कार्बन आधी, ४०० अंशांच्या आतबाहेर जळतो आणि नळ्या साधारणपणे ५०० ते ६५० अंशांत. धातू जास्त असेल तर त्या लवकर पेटतात, त्यामुळे जळण्याचे तापमान कमी आले म्हणजे नळ्या वाईट, असा निष्कर्ष घाईने काढू नका. शेवटी भांड्यात काय उरले ते आलेखावर पाहून थांबू नका, डोळ्यांनी पाहा. विटकरी-लाल राख म्हणजे लोहाचे ऑक्साइड. पांढुरकी असेल तर ॲल्युमिना किंवा मॅग्नेशियाचा आधार शिल्लक आहे. आणि लक्षात ठेवा की राखेत लोह ऑक्साइड होऊन बसलेले असते. राख १० टक्के आणि ती सगळी लोहाची असेल तर मूळ मालात लोह ७ टक्के होते.

आमच्याकडे याच कारणाने एक पूर्ण हंगाम वाया गेला होता. एकाच पुरवठादाराचे, एकाच क्रमांकाचे दोन डबे आठ महिन्यांच्या अंतराने घेतले. दुसऱ्या डब्यापासून केलेल्या पट्ट्यांची वाहकता हजारपट खाली आली. विद्यार्थ्याने सोनिकेटर बदलून पाहिला, हार्डनर बदलला, मी त्याच्या हाताला दोष दिला. शेवटी दोन्ही डब्यांचा टीजीए काढला तेव्हा एकाची राख ४ टक्के, दुसऱ्याची ११. माल वेगळा होता, क्रमांक तोच. पुरवठादाराने सांगितले की त्याचा मूळ उत्पादक बदलला आहे, जणू काही दूधवाला बदलला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की डबा आला की आधी टीजीए, मग कपाटात.

रामन वर्णपट, म्हणजे नमुन्यावरून लेसरचा प्रकाश कसा विखुरतो त्याचा आलेख, दुसऱ्या क्रमांकावर. १३५० सेंमी⁻¹ जवळचे, दोष दाखवणारे डी शिखर आणि १५८० जवळचे, ग्राफाइटसारखी रचना दाखवणारे जी शिखर यांच्या उंचीचे गुणोत्तर सगळे छापतात. सीव्हीडीच्या मल्टीवॉल मालात ते १ च्या आसपास किंवा वर असणे नेहमीचेच आहे. ते शुद्धतेचे माप समजू नका, आणि लेसरची तरंगलांबी लिहायला विसरू नका, कारण डी शिखर लेसरप्रमाणे हलते. माझ्या मते रामनचा खरा उपयोग एकाच मालाची आधी-नंतरची तुलना करण्यासाठी आहे: सोनिकेटरपूर्वी आणि नंतर, आम्लात टाकण्यापूर्वी आणि नंतर.

आम्लाचा विषय निघालाच आहे तर कार्बोक्सिल लावलेल्या नळ्यांबद्दल. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात उकळून नळ्यांवर गट बसवले जातात असे आपण शिकवतो. प्रत्यक्षात त्या गटांचा मोठा भाग नळीवर नसून, आम्लाने तयार झालेल्या आणि नळीला चिकटून बसलेल्या ऑक्सिडीकृत कार्बनच्या तुकड्यांवर असतो. सौम्य कॉस्टिक सोड्याने धुतले की ते तुकडे तपकिरी पाण्याबरोबर निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर टायट्रेशनमध्ये दिसलेले बरेचसे गटही जातात. शिवाय आम्लाने नळ्या आखूड होतात आणि भिंतीतले दोष वाढून वाहकता घटते. तुमचा प्रश्न वाहकतेचा असेल तर या नळ्यांवर जास्तीचे पैसे घालवू नका. जोडावरच संशोधन करायचे असेल तर घ्या, पण आधी धुऊन पाहा.

सिंगलवॉलचे गणित निराळे आहे. त्यांच्यात सर्वसाधारणपणे एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक असतात, आणि त्या दोरासारख्या जुड्या बांधून बसतात. प्रकाशीय अभ्यास, संवेदक, ट्रान्झिस्टर यांसाठी त्यांना पर्याय नाही. कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरकाने ओक्लाहोमा विद्यापीठात विकसित झालेल्या कोमोकॅट पद्धतीचा माल अशा कामात फार वापरला गेला, कारण त्यात मोजक्याच प्रकारच्या नळ्या ठळकपणे येतात, आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने तसल्याच मालाचे प्रमाणित संदर्भद्रव्य काढले. आपल्या मोजमापावर विश्वास ठेवायचा तर असे एक संदर्भद्रव्य संस्थेने एकदा विकत घेऊन ठेवणे शहाणपणाचे असते. इपॉक्सीसारख्या संमिश्रांतही सिंगलवॉल कमी प्रमाणात वाहकता देतात, आणि लिथियम-आयन बॅटरीच्या सिलिकॉनयुक्त ऋणाग्रात त्या आता खरोखर वापरल्या जातात, कारण सिलिकॉन फुगून तडकला तरी त्या लांब धाग्यांनी विद्युतवाट जोडलेली राहते. पण ज्याच्या हातात मल्टीवॉल अजून फोडली गेली नाही, त्याने सिंगलवॉलच्या जुड्या फोडायला जाऊ नये.

उत्प्रेरकाच्या राखेबद्दल आणखी एक इशारा, कारण तुमच्या शेजारच्या टेबलावर कोणी ना कोणी विद्युतरासायनिक संवेदक करत असणार. ऑक्सफर्डमधील रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने २००६मध्ये दाखवले की हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी मल्टीवॉल नळ्यांच्या इलेक्ट्रोडला जे श्रेय मिळत होते, ते खरे तर त्यांच्यात राहिलेल्या लोह ऑक्साइडच्या कणांचे होते. चुंबकीय मोजमापातही हीच फसगत होते. ‘धातुविरहित’ हा शब्द लिहिण्यापूर्वी राखेचा आकडा समोर ठेवावा.

मिसळण्याच्या कृतीत काय बदलायचे ते सांगतो. संस्थेत किंवा जवळपास तीन रोलांची मिल असेल, शाई आणि रंगाच्या कारखान्यांत ती असतेच, तर ॲसिटोन पूर्ण टाळा. नळ्या हार्डनर न घातलेल्या इपॉक्सीत हाताने कालवा आणि रोलांमधले अंतर टप्प्याटप्प्याने कमी करत ५ मायक्रोमीटरपर्यंत आणा. दाट लगदा आधी करून मग तो नुसत्या इपॉक्सीने पातळ करत प्रमाणे तयार केली तर सगळ्या पट्ट्यांतला माल एकाच हाताखालून गेलेला राहतो. मिल नसेल आणि सोनिकेटरच वापरायचा असेल तर बर्फाच्या भांड्यात, थांबून थांबून, आणि वेळेऐवजी प्रति ग्रॅम किती ऊर्जा दिली हे लिहून ठेवा. दर दहा मिनिटांनी एक थेंब काचपट्टीवर घेऊन साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, आणि गुठळ्या कमी होणे थांबले की तुम्हीही थांबा. त्यापुढे फक्त नळ्या तुटतात आणि टायटॅनियमच्या टोकाची झीज मिश्रणात उतरते. पुढे कधी थर्मोप्लास्टिकवर काम केलेत तर भुकटी न घेता १५ ते २० टक्क्यांचा तयार मास्टरबॅच (नळ्या आधीच मिसळलेले प्लास्टिकचे दाणे) घ्या.

सिमेंट आणि ॲल्युमिनियमबद्दल तुम्ही जाता जाता विचारले आहे. सिमेंटात ०.०५ ते ०.१ टक्के प्रमाणावर तडे रोखण्याचे चांगले काम झाले आहे, मात्र विखुरण्यासाठी साबणासारखा पदार्थ वापरलात तर हवा भरते आणि लाभ निघून जातो. सिमेंटला चालणारा पॉलिकार्बोक्सिलेट हा विखुरक घ्या. ॲल्युमिनियमात जोडावर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते आणि ते दमट हवेत टिकत नाही. एम.टेक.च्या मुदतीत त्यात पडू नका. नळ्या स्वतःच बनवाव्यात का, असेही लोक विचारतात. कापरापासून त्या बनवता येतात, आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांच्याकडे आणि जपानमध्ये मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांच्याकडे त्यावर मोठे काम झाले आहे. नळीची वाढ हाच तुमचा विषय असेल तर भट्टी लावा. विषय संमिश्राचा असेल तर विकत घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या वर्णनात ‘उघड्या तराजूवर वजन केले’ असे आहे, म्हणून सांगतो. कोरडी भुकटी तोलताना वरचा पंखा बंद हवा, आणि काम बंद पेटीत किंवा मंद झोताच्या हुडमध्ये व्हायला हवे. जोराचा झोत भुकटीच उडवतो. हातमोजे, नीट बसणारा कणरोधक मास्क, आणि पुसायचे ते ओल्या फडक्याने, झाडूने कधीही नाही. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने २०१३मध्ये हवेतली शिफारस केलेली मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम इतकी खाली ठेवली. मल्टीवॉलच्या एका ग्रेडला, जाड आणि ताठ तंतूंच्या एमडब्ल्यूसीएनटी-७ला, २०१४मध्ये आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या २बी गटात टाकले. तुमच्या नळ्या बारीक आणि गुंतलेल्या असतील, तरी तेवढ्यावरून त्यांना निरुपद्रवी समजू नका. इपॉक्सीत घट्ट झाल्यावर धोका पुष्कळ कमी होतो, पण पट्ट्या घासताना तो परत येतो, म्हणून घासकाम ओले करा.

तुम्ही लिहिले आहे की डब्यात अजून १८ ग्रॅम शिल्लक आहे. नवीन काही मागवू नका. वर सांगितलेल्या सहा प्रमाणांसाठी, दर प्रमाणाला १५० ग्रॅम इपॉक्सी धरली तरी, सव्वातीन ग्रॅम नळ्या पुरतात, आणि चाचण्यांना एक ग्रॅमही लागत नाही. बाकीच्यातले दोन ग्रॅम आजच काचेच्या बाटलीत काढून लॉट क्रमांक, खरेदीची तारीख आणि राखेचा आकडा लिहून मोहोरबंद करा. कारण माल बाजारातून कधीही नाहीसा होऊ शकतो: जर्मनीच्या बायर कंपनीने बेटूब्स नावाच्या आपल्या मल्टीवॉल नळ्यांसाठी लेव्हरकुझेनमध्ये वर्षाला २०० टनांचा प्रायोगिक कारखाना २०१०मध्ये सुरू केला आणि २०१३मध्ये ते काम सोडून दिले. बेटूब्सवरचे शोधनिबंध आजही वाचले जातात आणि माल मात्र मिळत नाही. टीजीएचे तीन आलेख आणि एक एसईएम छायाचित्र इथे टाकलेत तर पुढचे बोलता येईल. छायाचित्र नळ्यांचे नको, तुटलेल्या पट्टीचे टाका, आणि सर्वांत वाईट दिसणाऱ्या जागेचे टाका.